बदलीचे गाव आणि दारचा वाफा

शुक्रवारी सायंकाळी सरकारी कचेऱ्या बंद झाल्या आणि शनिवारी शाळा सुटल्या की चोपड्याच्या बसस्थानकावर पिशव्या घेतलेल्या नोकरदारांची गर्दी दिसू लागते. कोणी जळगावला, कोणी धुळ्याला, तर कोणी त्याहून लांब, मराठवाड्यात किंवा विदर्भात असलेल्या घराकडे निघालेला असतो. सोमवारी सकाळी हीच मंडळी परत कामावर हजर होतात. मधले पाच दिवस ती या गावात असतात, हे खरे. पण या गावात राहतात असे म्हणता येईल का, हा प्रश्न आहे. असणे आणि राहणे यांतील हा फरक वरवर शब्दांचा वाटतो. प्रत्यक्षात तो माणसाच्या प्रकृतीचा, त्याच्या कामाचा आणि ज्या गावात तो काम करतो त्या गावाचाही प्रश्न आहे.

प्राथमिक शिक्षकांनी मुख्यालयी राहावे की नाही, आणि न राहणाऱ्यांना घरभाडे भत्ता द्यावा की नाही, हा वाद महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालू आहे. २०२२ साली तो विधिमंडळातही गाजला. शिक्षक मुख्यालयी राहतो, असा ग्रामसभेचा ठराव मागण्यापर्यंत शासनाची मजल गेली. शिक्षकांचे म्हणणे असे की, खेड्यात राहण्याजोगी घरे नाहीत, पत्नीची किंवा पतीची नोकरी दुसऱ्या गावी आहे, मुलांच्या शिक्षणाची सोय नाही. गावकऱ्यांचे म्हणणे असे की, शेवटच्या घंटेबरोबर निघून जाणारा गुरुजी गावाचा होत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. या सगळ्या वादात राहणे म्हणजे नेमके काय, याचा विचार मात्र कोणी केलेला दिसत नाही. ठरावाने हजेरी सिद्ध होईल. वास्तव्य सिद्ध होणार नाही. वास्तव्याची खूण शोधायचीच असेल तर ती बिऱ्हाडाच्या दारात शोधावी. ज्याने तेथे मेथीचा वाफा पेरला आहे, तो निदान महिनाभर तरी त्या गावाचा झालेला असतो.

उत्तरेला सातपुड्याची रांग आणि दक्षिणेला तापी यांच्यामध्ये चोपडा तालुका पसरलेला आहे. तापीकाठची काळी जमीन ही केळीची आणि कापसाची जमीन. जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. येथील केळी मालमोटारींत भरून उत्तर हिंदुस्थानात जाते. अशा भूमीत राहणाऱ्याला भाजीपाल्याची वाण पडावी, हे विचित्र वाटते. पण घरापासून दूर एकट्याने राहणाऱ्या नोकरदाराचे ताट पाहिले तर त्यात बहुधा खिचडी, बटाट्याची भाजी किंवा खाणावळीचा डबा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला किमान चारशे ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात. महिन्याचा हिशेब केला तर हे बारा किलो होतात. एकट्या नोकरदाराच्या पोटात यातील निम्मे तरी जात असेल का, याची शंकाच आहे.

याचे कारण केवळ आळस किंवा महागाई नव्हे. बाजारातील भाजी ही कुटुंबाच्या मापाने विकली जाते. पालकाची किंवा पोकळ्याची जुडी आणली तर एका माणसाला ती एका वेळी सरत नाही, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. अर्धी जुडी फेकावी लागली की पुढच्या बाजारी ती घेण्याचा उत्साह उरत नाही. शिवाय स्वयंपाक हा मुळात दुसऱ्यासाठी करण्याचा व्यवहार आहे. ताटावर बसणारे दुसरे कोणी नसले की चव, क्रम, वेळ या सर्वांची शिस्त सुटते. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाचे एकटेपण मनात दिसते त्याआधी पुष्कळदा जेवणात दिसू लागते.

दारातल्या वाफ्याचा उपयोग येथे आहे. वाफ्यातून लागेल तेवढेच खुडता येते. चार मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एका भाजीपुरती मेथी आणि एखादे गिलके एवढे एका माणसाला एका दिवशी पुरते. बाकीचे झाडावरच ताजे राहते. चार-सहा डब्यांतून महिन्याचे बारा किलो निघतील असा भ्रम कोणी बाळगू नये. पण पालेभाजी, मिरची, कढीपत्ता, लिंबू या ज्या गोष्टी एकट्याच्या ताटातून प्रथम नाहीशा होतात, त्याच या थोड्या जागेत सर्वांत सहज येतात. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभर रुपये ओलांडले, आणि पुढे थोड्याच आठवड्यांत शेतकऱ्यांवर तोच टोमॅटो रस्त्यावर ओतण्याची वेळ आली. असल्या चढउतारांवर कुंडीतील दोन रोपे हा उपाय नव्हे. वाफ्याचे समर्थन पैशाच्या बचतीवर करू गेल्यास ते टिकणार नाही. ते आहाराच्या आणि मनाच्या बाजूनेच करावे लागेल.

यावर नोकरदारांकडून पहिली हरकत येते ती अशी : ‘आज येथे, उद्या कोठे, झाडे लावून काय करायचे?’ ही हरकत ऐकायला व्यवहारी वाटते, पण हिशेबाला टिकत नाही. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणारा महाराष्ट्राचा अधिनियम २००५ सालचा आहे. त्यात एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरला आहे. कचेऱ्यांतील गट ‘क’ च्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत असे दोन कालावधी, म्हणजे सहा वर्षे, एकाच कार्यालयात काढता येतात. आता याच्या शेजारी झाडांचे वेळापत्रक ठेवावे. मेथी महिन्याच्या आत खुडायला येते. मुळा आणि कोथिंबीर यांना दीड महिना लागतो. गिलके आणि दोडक्याचा वेल दोन महिन्यांच्या आतबाहेर फळ देऊ लागतो. वांगी आणि मिरची रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत सुरू होतात. सुधारित जातीच्या शेवग्याला सहा ते आठ महिन्यांत शेंगा लागतात, पपई वर्षाच्या आत फळते आणि केळीचा घड वर्षभरात उतरतो. कागदी लिंबाला तेवढी चारएक वर्षे द्यावी लागतात. तीन वर्षांच्या मुक्कामात लिंबाखेरीज यांतील सर्व काही खाऊन होते. सहा वर्षांत लिंबूही मिळते.

म्हणजे अडचण काळाची नाही. ‘उद्या जायचे आहे’ या समजुतीची आहे. ही समजूत मनात धरून माणसे एकेका गावात पाच-पाच, सात-सात वर्षे काढतात. भिंतीला खिळा ठोकीत नाहीत, शेजाऱ्याचे नाव विचारीत नाहीत आणि दारात बी टाकीत नाहीत. जेव्हा खरोखरच जाण्याचा दिवस येतो, तेव्हा त्या वर्षांचे काहीच हाती नसते. आयुष्यातील इतकी वर्षे ‘तात्पुरती’ म्हणून वजा करणे परवडणारे नाही.

दुसरी हरकत पाण्याची आणि उन्हाची. ती अधिक खरी आहे. वैशाखात या भागात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि लहान शहरांत नळाला रोज पाणी येईलच असे नाही. परंतु याच उन्हात आणि याच वाऱ्यात खानदेशचा शेतकरी केळीसारखे नाजूक पानांचे पीक काढतो. तो बागेच्या कडेला शेवरीचे कुंपण उभे करून उष्ण वारा अडवतो, बुंध्याशी पालापाचोळा अंथरून ओल राखतो, आणि ठिबकच्या नळीने पाणी मुळाशीच देतो. जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगाने ठिबक सिंचन देशभर पोहोचवले, हे या जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. बिऱ्हाडाच्या गच्चीवर हेच तत्त्व लहान प्रमाणात चालते. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट किंवा जाळी बांधावी, मातीवर वाळला पाला पसरावा, आणि कुंडीत किंवा आळ्यात न भाजलेल्या चकाकीचे, झिरपणारे छोटे मडके पुरून ते भरून ठेवावे. शनिवारी घरी गेलेला माणूस सोमवारी परतेपर्यंत मडके झाडाची तहान भागवते. मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावण्याची रीत तर आपल्या आज्या-पणज्यांची आहे. तिला नव्या शास्त्राची गरज नव्हती.

शास्त्राची जोडही मराठी मुलखात या विषयाला मिळालेली आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर (१९२४–२००१) हे मूळचे गणिताचे अध्यापक. ‘प्रयोग परिवार’ या नावाने त्यांनी स्वतः प्रयोग करणाऱ्या सामान्य माणसांचे जाळे विणले. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गरज भागू शकते, हा त्यांचा हिशेब अनेकांना धाडसाचा वाटला. पण पाला आणि स्वयंपाकघरातील टाकाऊ पदार्थ यांपासून माती तयार करता येते आणि सूर्यप्रकाश हे खरे भांडवल आहे, हे त्यांचे सूत्र शहरी गच्चीवरही खरे ठरले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच विचाराने, स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर फळझाडे व भाज्या वाढवल्या. गोदीच्या परिसरात जे शक्य झाले, ते तापीकाठच्या काळ्या मातीशेजारी अशक्य म्हणणे कठीण आहे.

येथवर विचार नोकरदाराचा झाला. पण चोपडा तालुक्यात घरापासून दूर राहणारा सर्वांत मोठा आणि सर्वांत मुका वर्ग नोकरदारांचा नाही. तो मुलांचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या आणि डोंगरातल्या पाड्यांवरील पावरा, बारेला, भिल्ल, तडवी कुटुंबांतील कितीतरी मुले आश्रमशाळांत राहतात. या जिल्ह्यातील आदिवासी विकासाचा कारभार यावलच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाकडे आहे. काही मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा मजुरीला परमुलखात जातात. मग घर आहे, पण घरात कोणी नाही, अशी या मुलांची स्थिती होते. सातपुड्यातील पावरा माणसाचे घर गावाच्या दाटीत नसते. ते ज्याच्या त्याच्या शेतात असते. कुडावर चढलेला वालाचा नाहीतर भोपळ्याचा वेल हा त्या घराचाच भाग असतो. अशा घरातून उचललेले मूल पत्र्याच्या छपराच्या वसतिगृहात, मोकळ्या, तापलेल्या मैदानासमोर आणून ठेवले, तर त्याचे मन का रमत नाही, हा प्रश्न फार गहन नाही.

आश्रमशाळेत शिक्षक परगावचा आणि विद्यार्थीही घरापासून दूर. मात्र वेल कसा चढवावा आणि बी केव्हा टाकावे, हे पुष्कळदा विद्यार्थ्यालाच अधिक ठाऊक असते. ज्या मुलाला फळ्यावरचे काही येत नाही म्हणून मागच्या ओळीत बसवले जाते, तोच मुलगा वाफ्यात शिक्षकाला चार गोष्टी शिकवू शकतो. शिक्षणाच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली, तेव्हा हाताच्या कामातून बुद्धीचे शिक्षण हाच तिचा गाभा होता. ती कल्पना शासकीय शाळांत रुजली नाही, पण तिची गरज संपली असे नव्हे.

शालेय परसबागेला आता शासनाचाही आधार आहे. १९९५ साली सुरू झालेल्या मध्यान्ह भोजन योजनेला जोडून केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. जमीन नसेल तर कुंड्यांत किंवा गच्चीवर बाग करावी, असेही त्यांत सुचवले आहे. पुढे २०२१ मध्ये योजनेचे नाव बदलून ‘पीएम पोषण’ झाले. कागदावर यात उणे काढण्यासारखे थोडे आहे. पण परसबागेचा खरा शत्रू कीड नव्हे; तो आहे मे महिना. आखाजीच्या सुमारास शाळा बंद होतात, मुले घरी जातात, शिक्षक आपापल्या गावी जातात. अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण बदल्याही एप्रिल-मे महिन्यांतच होतात. ज्या वेळी झाडाला पाण्याची सर्वाधिक गरज, नेमके त्याच वेळी त्याला पाणी देणारे कोणी नसते. जूनमध्ये नवा शिक्षक येतो, त्याला वाळलेल्या काड्या दिसतात, आणि मागच्याने काही केले नव्हते असा त्याचा समज होतो. असे दोनदा झाले की तिसरा शिक्षक बी टाकीत नाही.

आदेशाने लावलेल्या बागा आदेशापुरत्याच टिकतात, याला जगाचा दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घरोघरी ‘विजयाच्या बागा’ लावण्यात आल्या. १९४३ साली त्यांची संख्या सुमारे दोन कोटी होती आणि देशातील ताज्या भाज्यांपैकी जवळजवळ चाळीस टक्के त्यांतून येत, असा अंदाज सांगितला जातो. युद्ध संपले आणि त्यांतील बहुतेक बागा ओस पडल्या. आपल्याकडे १९६५ च्या धान्यटंचाईत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आपल्या निवासस्थानाची हिरवळ नांगरून धान्य पेरले. त्या कृतीने देश हलला. पण ती वर्षे सरल्यावर सरकारी बंगल्यांपुढे पुन्हा हिरवळच आली. संकटाने लावलेली बाग संकटाबरोबर जाते. ती टिकवायची असेल तर तिला व्यवस्थेत जागा द्यावी लागते.

अशी जागा देण्यास फार खर्चाची आवश्यकता नाही. कर्मचारी बदलून जाताना कार्यभार सोपवतो, तेव्हा टेबल, खुर्च्या, कपाटाच्या किल्ल्या, नोंदवह्या यांची यादी होते. मोडक्या खुर्चीचीही नोंद असते. मग शाळेच्या आवारातील शेवगा, लिंबू, पपई, कढीपत्ता यांची नोंद का असू नये? झाडे यादीत आली की ती कोणा एकट्या उत्साही शिक्षकाची हौस राहणार नाहीत. शाळेची मालमत्ता होतील आणि वाळली तर कोणी तरी उत्तर देईल. दुसरे असे की, परसबागेचे नियोजन शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे करावे. पालेभाज्या आणि वेल जून ते मार्चपर्यंतच घ्यावेत. उन्हाळ्यासाठी आवारात थोडीच पण काटक झाडे असावीत. सुटीतील पाण्याची जबाबदारी गावातील एखाद्या बचतगटाकडे किंवा पालकांकडे द्यावी आणि त्या काळातील फळ त्यांचेच असावे. तिसरे, शासकीय निवासस्थाने बांधताना प्रत्येक घरामागे वाफ्यापुरती माती आणि मोरीचे पाणी तिकडे नेणारी नाली ठेवावी. फरशीने आवार झाकून टाकण्यापेक्षा हे स्वस्तच पडेल. खासगी घरमालकांनीही भाडेकरूच्या दोन आळ्यांना हरकत घेऊ नये. भाडेकरू जाईल, झाड घरमालकाचेच राहील.

यातून भलताच अर्थ मात्र कोणी काढू नये. दारातील वाफा हा कुटुंबाला पर्याय नाही. पती एका टोकाला आणि पत्नी दुसऱ्या टोकाला अशा नेमणुका करून दोघांच्या हाती मेथीच्या बियांची पुडी देणे ही क्रूर थट्टा होईल. पती-पत्नींना जवळ आणण्याचे जे धोरण शासनाने स्वीकारले आहे, ते प्रामाणिकपणे राबवले गेलेच पाहिजे. नोकरी, स्वयंपाक आणि दूर असलेल्या मुलांची काळजी अशी तिहेरी ओढाताण सोसणाऱ्या एकट्या स्त्रीवर बागेचे चौथे ओझे ‘आदर्श’ म्हणून लादणे हाही अन्यायच. बाग ही सक्तीची बाब झाली की तिच्यातील औषध संपते. जो करील त्याला सोय असावी, आणि जो करणार नाही त्याला टोमणा नसावा.

तरीही जे शक्य आहे ते नाकारण्याचे कारण नाही. याच जिल्ह्यात, तापीपलीकडे अमळनेरला, १९२४ ते १९३० या काळात कोकणातल्या पालगडचा एक तरुण प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होता. छात्रालयातील मुलांची त्याने आईच्या मायेने काळजी घेतली. साने गुरुजींचे गाव पालगड, पण खानदेशने त्यांना कधी परके मानले नाही. कारण ते येथे नुसते नेमणुकीवर नव्हते, येथे राहत होते. प्रत्येक शिक्षकाकडून तेवढ्या उंचीची अपेक्षा करणे योग्य नाही. परंतु गावाशी नाते जडण्याची वाट फार लांबची नसते. वाफ्यात वांगी जास्त निघाली की ती शेजारी द्यावी लागतात. शेजारीण भरिताची कृती सांगते आणि आपल्या परसातले बी देते. सुटीत पाणी कोण घालणार, हे विचारण्यासाठी कोणाचे तरी दार वाजवावे लागते. कुटुंबापासून दूर असलेल्या माणसाला पहिली ओळख मिळते ती अशा देवाणघेवाणीतून.

खानदेशच्या केळीबागाइतदाराला एक गोष्ट ठाऊक असते. केळीचे झाड एकदाच घड देते. घड उतरला की त्याचे काम संपते. पण तोवर बुंध्याशी पील वाढू लागलेले असते आणि त्याच्यावर पुढच्या वर्षीचा पिलबाग उभा राहतो. बदलीवर जाणाऱ्या शिक्षकाने आणि कारकुनाने मागे ठेवायचे ते असेच काही असावे. पुढे येणाऱ्या, तितक्याच अनोळखी आणि तितक्याच एकट्या माणसाला पहिल्या दिवशी दारात शेंगा लागलेला शेवगा मिळाला, तर त्या गावात त्याचा पहिला महिना तरी सोपा जाईल. एवढे घडवून आणण्यासाठी नवा कायदा लागत नाही. कार्यभाराच्या यादीत एक रकाना वाढवला तरी पुरेसे आहे.